पंचनाम्यात सात रकाने वाढवा

प्रति,
अध्यक्ष व सहअध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सोलापूर आणि लातूर

सस्नेह नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि मांजरा पात्र सोडून शिवारात शिरल्या. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीसाठी त्यात हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि मनरेगातून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे अशी तरतूद होती. आमच्या मते संपूर्ण पॅकेजमधले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य हेच. तातडीची मदत आणि पुढच्या दहा वर्षांची शेती एकाच ओळीत क्वचितच येतात, इथे त्या आल्या. ती ओळ शेतापर्यंत कशी पोहोचते आणि वाटेत कुठे अडते, एवढ्याच मुद्द्यावर हे पत्र आहे.

आधी हिशेब मांडतो. एक हेक्टरवर फक्त १५ सेंटिमीटर माती पसरायची म्हटले तर १,५०० घनमीटर माती लागते, म्हणजे सुमारे ५३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दहा चाकी डंपरमध्ये साधारण ५ ब्रास बसतात, तेव्हा एका हेक्टरला १०६ खेपा. रोख ४७ हजार रुपये ५३० ब्रासने भागले तर ब्रासला ९० रुपयेसुद्धा येत नाहीत. पोकलेनने भरणे, वाहून आणणे, पसरणे यातले काहीच त्यात भागत नाही. ३ लाख त्यात मिळवले तर ब्रासला साडेसहाशेच्या आसपास पडतात, आणि तलाव जवळ असेल तर मेळ बसण्याची आशा वाटू लागते. अडचण अशी की ते ३ लाख मजुरीप्रधान योजनेतले आहेत. मनरेगात मजुरी ६० आणि साहित्य ४० हे प्रमाण पाळावे लागते, आणि मजुराचे काम हिरावणारे यंत्र चालत नाही. डंपरचे बिल तिथे बसवायचे कसे?

बरे, सगळे मजुरांकडून करायचे ठरवले तर? तलावातला गाळ कसाबसा शेतात आणून टाकला आणि माणसागणिक दिवसाला ३ घनमीटर पसरला असे धरले, तरी एका हेक्टरला ५०० मनुष्यदिवस होतात. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ही मजुरी १ लाख ५६ हजार. गावात ४० हेक्टर खरडले असेल तर २० हजार मनुष्यदिवस. शंभर दिवसांच्या हमीने हे करायला २०० कुटुंबांना दुसरे कुठलेही काम न करता वर्षाची सगळी हमी याच कामात घालवावी लागेल. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी आणलेल्या कायद्यात हमी १२५ दिवसांची आहे, आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत मिळून ६० दिवस कामे थांबवण्याची तरतूदही आहे. हिशेब थोडा हलतो, सुटत मात्र नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे, की मदत कुठली आणि विकास कुठला हे खात्यांनी ठरवायचे आणि मग दोन्हींत समन्वय साधायचा, हा क्रम उलटा आहे. शेताची गरज एकच आहे. तिचा आराखडा शेतकरी, मजूर, कृषी, महसूल, रोहयो (रोजगार हमी योजना), जलसंधारण आणि बाहेरून आलेल्या संस्था यांनी पंचनाम्याच्याच दिवशी एकत्र सुरू करावा, आणि पैसे कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचे ते नंतर बघावे. त्यासाठी नवीन समिती नको, पंचनाम्याच्या कागदात सात रकाने वाढवा.

आजचा पंचनामा भरपाईसाठी आखलेला आहे. गट नंबर, पीक, क्षेत्र, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर की खाली. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (पदनामे बदलली असली तरी गावात हीच चालतात) बांधावर एकदाच जातात. त्या एका फेरीत पुढच्या कामाची माहिती घेतली नाही, तर जानेवारीत रोहयोचा तांत्रिक सहायक त्याच बांधावर टेप घेऊन पुन्हा जातो. तोपर्यंत शेतकऱ्याने वरवर नांगरून घेतलेले असते, पुराची खूण भिंतीवरून पुसली गेलेली असते आणि कुठून पाणी घुसले हे तोंडी सांगण्यावर येते.

पहिला रकाना, माती किती गेली. ‘खरडली’ एवढे पुरेसे नाही. शेतात तीन ठिकाणी, शेजारच्या न खरडलेल्या बांधापासून मोजून, सेंटिमीटरमध्ये खोली लिहावी. दुसरा, खाली काय उरले: मुरूम, खडक, की वर साचलेली वाळू. तिसरा, पाणी शिरले ती जागा, म्हणजे नाल्याचा काठ फुटला, वरचा बांध गेला की पुलाच्या मोरीत काटेरी झुडपे अडकून पाणी फिरले. मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश घेणे आता काही अवघड नाही. चौथा, पुराची उंची, घराच्या जोत्यापासून आणि विहिरीच्या काठापासून. पाचवा, पडझडीतून वापरता येण्याजोगे काय उरले. सहावा, प्रत्यक्षात शेत कोण कसतो, म्हणजे मालक, वाटेकरी, की सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई. सातवा, नोव्हेंबर ते मे या काळात घरातले किती जण गावात असतील, आणि जॉबकार्ड आहे का.

सातवा रकाना किरकोळ वाटेल, पण कामे कोसळतात ती बहुतेक वेळा याच्याच अभावी. बीड, धाराशिव आणि अहिल्यानगरच्या दक्षिण भागातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परततात. पूर सप्टेंबरात आला, मंजुऱ्या जानेवारीत झाल्या, कामे फेब्रुवारीत निघाली, आणि मजूर त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोयता चालवत होते, असे झाले की अहवालात ‘मागणीअभावी कामे सुरू झाली नाहीत’ असे लिहिले जाते. मागणी होती, पण मागणारा ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन गेला होता. काम नोव्हेंबरात मिळणार अशी खात्री ऑक्टोबरात झाली, तर काही जण तरी उचल घेणार नाहीत. सगळे थांबणार नाहीत, कारण उचलीची रक्कम एकदम हातात येते आणि रोहयोची मजुरी आठवड्यांनी.

वेळापत्रकाची दुसरी बाजू गाळाची आहे. तलावातला गाळ पाणी उतरल्याशिवाय निघत नाही, म्हणजे फेब्रुवारी ते मे. वरच्या ४० हेक्टरच्या गावाला ४,२४० खेपा लागतात. तलाव तीन-चार किलोमीटरवर असेल तर एक डंपर दिवसाला दहा खेपा करतो. चार डंपर आणि एक पोकलेन असे धरले तर १०६ दिवस. १ फेब्रुवारी ते ३१ मे यांत १२० दिवस मिळतात, त्यांतून सण, बिघाड आणि अवकाळी पाऊस वजा करा. १ फेब्रुवारीला पहिली खेप निघाली नाही तर त्या वर्षी काम पुरे होत नाही, आणि अर्धवट पसरलेली सैल माती पहिल्याच मोठ्या पावसात पुन्हा नदीत जाते. याचा अर्थ अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी ३१ डिसेंबरच्या आत, आणि त्यासाठी मोजमाप ऑक्टोबरच्या पंचनाम्यातच.

क्रमही महत्त्वाचा. भराव आधी आणि काठ नंतर, ही चूक वर्षानुवर्षे होते, कारण भरावाचे पैसे आधी येतात आणि काठाचे काम दुसऱ्या खात्याकडे असते. ज्या जागेतून पाणी घुसले ती आधी बंद झाली पाहिजे. गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध, करायचा तर पाया नाल्याच्या तळाखाली किमान दोन फूट, आणि दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठे. बारीक दगड भरून वरून चांगला दिसणारा गॅबियन दोन पावसाळ्यांत पोटातून रिकामा होतो. त्यामागे बांध, बांधाला दगडी सांडवा, काठावर वाळा, निर्गुडी, करंज, बांबू. ही सगळी कामे हातांची आहेत, ६०:४० मध्ये आरामात बसतात. रोहयोचे पैसे इथे खर्च करा. यंत्राची वाहतूक ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून, रोख ४७ हजारांतून आणि कंपन्यांच्या निधीतून. असे वाटून घेतले तरच त्या एका ओळीतले दोन्ही आकडे शेतात भेटतात.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. पुरानंतर ‘नाला सरळीकरण आणि खोलीकरण’ हे काम सगळ्यांना आवडते. यंत्राला दिवसभर काम मिळते, फोटो चांगला येतो. पण वळण काढून टाकले की पाण्याचा वेग वाढतो आणि खालच्या गावाचा काठ तुटतो. वरच्या गावाचा विकास खालच्या गावाचा पुढचा पंचनामा ठरू नये, म्हणून नाल्याचा आराखडा गावाच्या हद्दीत संपवू नका. किमान खालच्या एका गावचे दोघे तरी मोजणीला हजर असावेत.

सगळीकडे १५ सेंटिमीटर माती घालणे शक्य नाही, आणि हे शेतकऱ्याला पहिल्याच बैठकीत सांगावे. जिथे खाली मुरूम उघडा पडला आहे आणि तलाव दूर आहे, तिथे वेगळा हिशेब करून बघा. पाच बाय पाच मीटरवर हेक्टरी ४०० खड्डे, प्रत्येकी दोन फूट लांब, रुंद, खोल. एवढ्या खड्ड्यांना सुमारे ९० घनमीटर, म्हणजे ३२ ब्रास गाळ पुरतो. कुठे ५३० आणि कुठे ३२! सीताफळ मुरमाड जमिनीत येते, बालाघाटच्या डोंगररांगेला ते सांगावे लागत नाही. खड्डे खोदणे पूर्ण मजुरीचे काम, आणि रोहयोच्या फळबाग लागवडीत तीन वर्षांच्या संगोपनाची मजुरीही बसते. मात्र सीताफळाला साचलेले पाणी सोसत नाही, म्हणून नदीला लागून असलेल्या पट्ट्यात ते नको, तिथे बांबू. आणि फळ येईपर्यंतची तीन-चार वर्षे घर कशावर चालेल, हा प्रश्न शेतकरी विचारणारच. त्याचे उत्तर आराखड्यात नसेल तर झाडे दुसऱ्या उन्हाळ्यात वाळलेली दिसतील. ओळींमधल्या पट्ट्यात थोडा गाळ, धैंचा हे हिरवळीचे खत हेक्टरी ४० ते ५० किलो पेरून दीड महिन्यात गाडणे, आणि दुसऱ्या वर्षी तिथे मूग किंवा मटकी, असे काहीतरी लिहून द्यावे लागते.

गाळाबद्दल आणखी एक. प्रत्येक तलावातला गाळ सुपीक नसतो, तलावात पाणी येते त्या तोंडाजवळ तो वाळूच असतो. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात खाली बसते ती वाळू, काही तासांत बसते ती पोयटा, दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. निम्म्याहून जास्त वाळू असेल तर त्या टोकाचा गाळ उचलू नका. शेतात साचलेल्या वाळूचे त्रांगडे वेगळे आहे. तीन इंचांहून जाड थर काढायला आपत्ती निधीतून हेक्टरी १८ हजार मिळतात, पण ती वाळू तहसीलदारांच्या परवानगीशिवाय शेताबाहेर नेता येत नाही. शेतकरी ढीग करून ठेवतो आणि पुढच्या पुरात तोच ढीग पुन्हा पसरतो. या परवानग्या पंचनाम्यासोबत गावनिहाय एकदम द्याव्यात, आणि ती वाळू गावातल्याच घरकुलांना वापरू द्यावी.

घरांचेही असेच. माळवदाचे घर पडले की पहिल्या आठवड्यात जेसीबी येतो आणि राडारोडा गावाबाहेर नेऊन टाकतो. हा खर्च मदतीत. सहा महिन्यांनी घरकुल मंजूर होते, तेव्हा जोत्यात भरायला मुरूम विकत आणला जातो. २५ चौरस मीटरचे घर दोन फूट उचलायचे तर १५ घनमीटर, म्हणजे सव्वापाच ब्रास भर लागते. पडलेल्या घराचे दगड-माती त्याहून जास्त असतात. सागाच्या तुळया आणि सरे तर पुन्हा वापरण्याजोगे, पण चिखलात पंधरा दिवस राहिले की गेले. म्हणून पाचवा रकाना. राडारोडा उचलण्यापूर्वी मालकाला विचारून दगड, लाकूड, माती असे तीन ढीग त्याच्याच जागेत लावायचे, आणि हे काम त्याच कुटुंबाला मजुरीवर द्यायचे. जोत्याची उंची चौथ्या रकान्यातल्या खुणेवरून ठरते. विहिरीवरची स्टार्टरची पेटी आणि नळयोजनेचा पॅनेलही त्या खुणेच्या दोन फूट वर न्यावेत. बदलून दिलेला नवा पॅनेल जुन्याच उंचीवर बसवणे, हे आपल्याकडे सर्रास चालते.

लोकांना विचारून आखणे ही हौस नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची, रस्ते सरळ आणि रुंद. जनावरे, कडबा, अवजारे यांची जागा, भावकीचे शेजार आणि वाडा हे त्या नकाशात नीट आले नाहीत. लोकांनी पक्क्या घरांपुढे पत्र्याचे आडोसे काढले आणि संसार तिकडे नेला. त्याच कार्यक्रमात जिथे घरमालकाने स्वतः दुरुस्ती करायची आणि टप्प्याटप्प्याने पैसे घ्यायचे असे ठरले, तिथे गावोगाव महिला संवाद सहाय्यक नेमल्या गेल्या, आणि पैसा, अभियंता आणि घर यांच्यातला तो दुवा उपयोगी पडला. धाराशिव आणि लातूरच्या प्रशासनाला हा अनुभव घरचाच आहे.

आणि १९७२ चा दुष्काळ. तेव्हा लाखो लोक दुष्काळी कामांवर होते, आणि पुष्कळ ठिकाणी खडी फोडण्यापलीकडे काम नव्हते, कारण आधी आखून ठेवलेले दुसरे काहीच नव्हते. जिथे पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीची कामे निघाली तिथे दुष्काळाचा पैसा पाणी ठेवून गेला. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि ‘सेल्फवरची कामे’ (आधीच आखून तयार ठेवलेली कामे) हा शब्द तहसील कचेरीत रुळला. आज सेल्फवर कामे असतात, पण ती पूर आल्यावर कोणती काढायची या दृष्टीने निवडलेली नसतात. ज्या गावांत २०२५ मध्ये पाणी शिरले तिथल्या सेल्फमध्ये काठ, मोऱ्या, सांडवे आणि उंच जागेवरचा जनावरांचा निवारा ही कामे वेगळी खूण करून ठेवावीत. पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांत हजेरीपट निघू शकेल अशी.

पैशाबद्दल थोडक्यात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्याच्या आपत्ती जोखीम निधीचे चार भाग पाडले: प्रतिसाद व मदत ४० टक्के, पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणी ३० टक्के, पूर्वतयारी १० टक्के, सौम्यीकरण २० टक्के. त्यातला ३० टक्क्यांचा कप्पा नेमका या पत्राच्या विषयाचा आहे. पण तो उघडायला पुनर्बांधणीचा, गरजा मोजून केलेला प्रस्ताव लागतो, आणि जिल्ह्याकडे असते ती भरपाईची यादी. हे सात रकाने भरलेले असतील तर प्रस्तावाचा निम्मा मजकूर तयार असतो.

कंपन्यांच्या प्रतिनिधींशी तुम्ही ऑक्टोबरात बैठक घेता, तेव्हा त्यांच्याकडून ब्लँकेट आणि किट मागू नका. किराणा तालुक्याच्या बाजारात मिळतो, आणि जुन्या कपड्यांचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात कुजतात. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत मदतीबरोबर पुनर्वसन आणि पुनर्बांधणीही आहे, आणि चालू प्रकल्प म्हणून मंजूर केलेला खर्च सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे चालवता येतो. त्यांच्याकडे डंपरचे डिझेल, बाटली-चाचणीपासून माती परीक्षणापर्यंतचा खर्च आणि फळबागेच्या पाण्याची सोय मागा, गट नंबरनिशी. जिथे संस्थांची पाणलोट किंवा उपजीविकेची दीर्घ कामे आधीच चालू आहेत, तिथे करारातच लिहून घ्यावे की आपत्ती आली तर मंजूर रकमेचा ठरलेला हिस्सा देणगीदाराला पुन्हा न विचारता तातडीच्या कामाला वळवता येईल. पूर आल्यावर ही परवानगी मागणे म्हणजे एक महिना गेला.

शेवटची अडचण तुमच्याच इमारतीतली आहे. आपत्तीचा विषय निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे, रोहयो दुसऱ्या उपजिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि कृषी व जलसंधारण रस्त्यापलीकडच्या कचेऱ्यांत. पंचनाम्याची फाइल एका टेबलावर बंद होते आणि कामाची फाइल दुसऱ्या टेबलावर कोऱ्या कागदापासून सुरू होते. पूर ओसरल्यापासून ३१ मेपर्यंत दोन्ही टेबलांची जबाबदारी लेखी आदेशाने एकाच अधिकाऱ्याकडे द्या, आणि दर सोमवारी फक्त चार आकडे बघा: मोजलेली शेते, मंजूर अंदाजपत्रके, निघालेले हजेरीपट, पडलेल्या खेपा. ‘सविस्तर आढावा’ नको.

गावात हे चालवायला फार काही लागत नाही. पूर ओसरल्यावर पंधराव्या दिवशी ग्रामसभा, जमिनीवर चुन्याने काढलेला शिवाराचा नकाशा, वाटेकरी आणि मजुरांना आवर्जून निरोप, आणि पंचेचाळिसाव्या दिवशी गट नंबरवार कामांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. यादीवर ज्यांचे काम या वर्षी होणार नाही त्यांचीही नावे आणि कारण लिहावे. ते लिहिले नाही तर आमच्यासारख्यांना गावात उभे राहणे अवघड होते, तुम्हालाही होईल.

मे महिन्यात तुमची मान्सूनपूर्व आढावा बैठक असते. बोटी, लाइफ जॅकेट, टीसीएलचा (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचा) साठा यांची यादी तिथे वाचली जाते. सात रकान्यांचा नमुना अर्ध्या पानात बसतो. त्या बैठकीत तो तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांच्या हातात द्यावा, आणि एका गावात एका बांधावर भरून पाहावा. खोली मोजायला फूटपट्टी नको, खुणा केलेली सळई द्या. फूटपट्टी चिखलात वाचता येत नाही.

आपले,
सीना व मांजरा खोऱ्यांत मृद-जलसंधारण, घरबांधणी आणि रोजगार हमीच्या कामांवर असलेले काही अभियंते, कृषी पदवीधर आणि गावकार्यकर्ते